लांब नळीची एअर गन घ्यावी का?

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वाचकांकडून एअर गनबद्दल जे प्रश्न येतात, त्यांत एक हमखास असतो: "नळी जितकी लांब, तितकी ताकद जास्त आणि नेम पक्का, हे खरे का?" कोणाच्या मुलीला शालेय रायफल शूटिंग स्पर्धेत उतरायचे असते. कोणी नागभीड-ब्रह्मपुरीकडचा धान उत्पादक रानडुकरांनी हैराण झालेला असतो. कोणाला दुकानदाराने "ही घ्या, हिची नळी मोठी आहे" म्हणून हजार-दोन हजार रुपये जास्त सांगितलेले असतात. प्रश्न सगळ्यांचा एकच, पण उत्तर तुम्ही बंदूक कशासाठी घेता आणि ती कोणत्या पद्धतीने चालते यावर ठरते.

आधी थोडक्यात सांगतो. स्प्रिंगच्या बंदुकीत नळीच्या लांबीने ताकद फारशी वाढत नाही. भरलेल्या हवेच्या बंदुकीत ती वाढते, पण परवान्याशिवाय वापरायची असेल तर कायद्याच्या मर्यादेपलीकडे ती वाढवता येत नाही. नेमाच्या बाबतीत लांबीचा खरा उपयोग साध्या दर्शिकेवर नेम धरणाऱ्याला होतो, दुर्बीण लावणाऱ्याला जवळजवळ नाही. आता सविस्तर पाहू.

आधी बंदूक कोणत्या पद्धतीची ते ठरवा

- स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. आपल्याकडे सर्वात जास्त खपते ती हीच. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि हवा एकदाच, एका झटक्यात दाबली जाते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा मारावा, तसा हा प्रकार. हवा मोजकीच असते, त्यामुळे छर्रा नळीच्या साधारण पहिल्या वीस-पंचवीस सेंटिमीटरांतच आपला बहुतेक सगळा वेग गाठतो. पुढच्या नळीत त्याला ढकलायला जोर उरत नाही, घर्षण मात्र असते. मग अशा बंदुकींना चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरांची नळी का असते? कारण ती नळीच स्प्रिंग ताणण्याचा दांडा असते. दांडा लांब असला की हाताला जोर कमी लागतो. एवढे एक कारण सोडले, तर इथे लांब नळीसाठी जास्त पैसे मोजू नका.

- पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेची. हिच्या टाकीत पुष्कळ हवा असते आणि झडप दर वेळी थोडी हवा सोडते. ती हवा नळीभर छर्र्याच्या मागे फुगत राहते, म्हणून इथे लांबी कामाची असते. आखूड नळीत बरीच हवा छर्रा बाहेर पडल्यावर वाया जाते आणि आवाजही मोठा होतो. तरी हा फायदा सारखा वाढत जात नाही. तीसवरून पंचेचाळीस सेंटिमीटरवर गेलात तर फरक चांगला जाणवेल, साठवरून पंच्याहत्तरवर गेलात तर फारसा नाही.

- कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीची. हिलाही थोडी लांब नळी मानवते. पण आपल्या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि उष्णतेने या वायूचा दाब बेताल होतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सरावासाठी ही बंदूक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताकदीची मर्यादा: 20 ज्यूल

शस्त्र नियम 2016 प्रमाणे ज्या एअर गनचा बोअर 4.5 मिलिमीटरपर्यंत (म्हणजे .177) आहे आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत आहे, तिला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो. .22 बोअरची, म्हणजे 5.5 मिलिमीटरची बंदूक कितीही मऊ मारणारी असली तरी बिनपरवाना चालत नाही. "सगळे वापरतात, काही होत नाही" असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ती घेऊ नका.

ऊर्जा काढायला सोपा हिशेब आहे: छर्र्याचे वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गाने गुणा (वेग मीटर प्रति सेकंदात) आणि 2000 ने भागा. जाहिरातीत वेग फूट प्रति सेकंदात दिलेला असेल, तर आधी 3.28 ने भागून मीटर करा. काही उदाहरणे:

- 0.53 ग्रॅमचा छर्रा, वेग 250 मीटर: सुमारे 16.6 ज्यूल. मर्यादेत.
- तोच छर्रा, वेग 275 मीटर: सुमारे 20 ज्यूल. अगदी काठावर.
- तोच छर्रा, वेग 305 मीटर, म्हणजे जाहिरातीतले "1000 फूट": जवळजवळ 24.7 ज्यूल. मर्यादेबाहेर.

जाहिरातीतला हजार फुटांचा आकडा बहुधा फार हलका छर्रा वापरून काढलेला असतो. म्हणून दुकानदाराला वेग विचारू नका, ज्यूल विचारा, आणि कोणत्या वजनाच्या छर्र्यावर मोजले तेही विचारा. पीसीपीमध्ये जड छर्रा घातला की ऊर्जा आणखी वाढते, हे ध्यानात ठेवा. लांब नळीची पीसीपी हलक्या छर्र्यावर 18 ज्यूल दाखवत असेल, तर जड छर्र्यावर ती मर्यादा ओलांडू शकते. शिवाय छर्र्याचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ (सुमारे 340 मीटर) जाऊ लागला की तो डगमगतो आणि नेम बिघडतो. जास्त वेगासाठी जास्त पैसे देऊन नेम घालवायचा, असा हा व्यवहार होतो.

नेम: लांबी कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही

साध्या दर्शिकेने नेम धरताना पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर महत्त्वाचे असते. हे अंतर 40 सेंटिमीटर असेल आणि माशी फक्त 0.1 मिलिमीटरने सरकली, तर 10 मीटरवर छर्रा 2.5 मिलिमीटर बाजूला जातो. अंतर 80 सेंटिमीटर असेल तर तीच चूक 1.25 मिलिमीटरवर येते. 10 मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दोन वर्तुळांमधले अंतर 2.5 मिलिमीटर असते. म्हणजे पहिल्या बंदुकीत केसाएवढ्या चुकीने एक पूर्ण गुण जातो. लांबीचा नेमाशी असलेला खरा संबंध एवढाच. दुर्बीण लावलीत की माशीच उरत नाही, मग हा फायदाही उरत नाही.

स्पर्धेच्या रायफली पाहून बरेच पालक फसतात ते इथेच. त्या रायफलींची नळी लांबच लांब दिसते, पण आतली पिळदार चरींची, म्हणजे रायफलिंगची, नळी साधारण 42 सेंटिमीटरच्या आसपासच असते. पुढे दिसते ते पोकळ नळकांडे. त्याचे काम माशी पुढे नेण्याचे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाने यंत्रणेच्या मागच्या टोकापासून दिसणाऱ्या तोंडापर्यंतची लांबी 850 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, रायफलचे वजन 5.5 किलोपर्यंतच हवे आणि बोअर 4.5 मिलिमीटर. छर्र्याचा वेगही जेमतेम 170-175 मीटर असतो, म्हणजे सात-आठ ज्यूल. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला तो या प्रकारात, जिथे ताकदीला काही मोल नाही. तुमच्या मुलाला या वाटेने जायचे असेल, तर "सर्वात दमदार" बंदूक मागू नका.

लांब नळीचा एक तोटाही सांगायला हवा. छर्रा नळीत जितका जास्त वेळ, तितका तुमच्या हाताच्या हालचालीचा परिणाम जास्त. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्याचा धक्का छर्रा बाहेर पडण्याआधीच बसतो, म्हणून तिथे हे जास्त जाणवते. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात तोंडाकडे जड बंदूक दिली, तर अर्ध्या तासात खांदा वाकतो आणि चुकीची सवय लागते.

नेम प्रत्यक्षात ठरवणाऱ्या गोष्टी या:

- नळीचे तोंड. छर्रा शेवटी जिथून सुटतो ती कड सगळीकडून सारखी हवी. एक बारीक खरवड असली तरी छर्रा तिरका सुटतो.
- छर्रा. एकाच बंदुकीत दोन कंपन्यांचे छर्रे अगदी वेगळे जातात. नवी बंदूक घेतली की तीन-चार प्रकारचे थोडे थोडे छर्रे घेऊन पाहा. 10 मीटरच्या कागदासाठी चपट्या डोक्याचे, त्यापुढे गोल डोक्याचे.
- सांधा. नळी मोडणाऱ्या बंदुकीत नळी दर वेळी त्याच जागी बसली पाहिजे.
- स्क्रू. स्प्रिंगच्या धक्क्याने ते ढिले होतात. नेम अचानक बिघडला, तर बंदुकीला दोष देण्याआधी पेचकस घ्या.

दुकानात हे तपासा

1. बंदूक रिकामी असल्याची खात्री दुकानदाराला तुमच्या डोळ्यांसमोर करायला लावा. नळी मोडून मोजमाप करताना ती त्यालाच धरू द्या. ती सटकली तर बोटे जातात.
2. पिळदार चरींची खरी लांबी विचारा. बाहेरचे जाड आवरण मोजून "दोन फुटी नळी" सांगणे सर्रास चालते.
3. कापसाची कांडी नळीच्या तोंडाच्या कडेवरून फिरवा. एखाद्या जागी तंतू अडकत असतील तर तो नग घेऊ नका.
4. नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवून पाहा. खटखट वाजता कामा नये.
5. शक्य असेल तर टेबलावर टेकवून 10 मीटरवरून पाच छर्रे एकाच ठिपक्यावर मारून पाहा. ते ठिपक्यापासून दूर गेले तरी चालतील, पण एकमेकांजवळ पडले पाहिजेत.
6. बिलावर बोअर, ऊर्जा (ज्यूलमध्ये) आणि बंदुकीचा क्रमांक लिहून घ्या. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्या. बिलाशिवाय दिली जाणारी किंवा कुरिअरने गुपचूप येणारी बंदूक घेऊ नका.

लिहून दिलेली ऊर्जा आणि प्रत्यक्षातली ऊर्जा वेगळी निघाली, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

नळी कापू नका, स्प्रिंग बदलू नका

गावातल्या लेथवाल्याकडून नळी आखूड करून घेणे, किंवा "ताकद वाढवायला" जास्त कडक स्प्रिंग बसवणे, या दोन्हींना मी ठामपणे नाही म्हणेन. लेथवर कापलेल्या नळीचे तोंड क्वचितच नीट उतरते, आणि नळी मोडून भरायच्या बंदुकीत दांडा आखूड झाल्याने ती ताणताना हात सटकण्याची भीती वाढते.

कायद्याचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे. शस्त्र कायदा 1959 मधली बंदुकीची व्याख्या केवळ बारुदापुरती नाही. स्फोटकाने किंवा इतर कोणत्याही ऊर्जेने गोळी फेकणारे हत्यार तिच्यात येते. याच कायद्याचे कलम 6 बंदुकीची नळी परवान्याशिवाय आखूड करायला आणि एका वर्गातले हत्यार दुसऱ्या वर्गात बदलायला मनाई करते. म्हणजे 16 ज्यूलची बंदूक कडक स्प्रिंग घालून 22 ज्यूलवर नेलीत, तर बिनपरवान्याच्या वर्गातून ती परवान्याच्या वर्गात गेली. आवाज कमी करणारे नळकांडे इंटरनेटवर स्वस्तात दिसते, तेही घेऊ नका. आवाज दाबणारी जोडणी कायद्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबरच धरलेली आहे. जंगलालगतच्या गावात अशा नळकांड्याचा अर्थ वनरक्षक काय लावेल, हे वेगळे सांगायला नको.

शेतातल्या डुकरासाठी घेत असाल तर

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा त्रास खरा आहे. उभे धान एका रात्रीत लोळवलेले पाहिल्यावर माणूस काहीही करायला तयार होतो. तरी सांगतो: कितीही लांब नळीची, 20 ज्यूलची एअर गन रानडुकराला पाडत नाही. ती त्याला जखमी करते. जखमी डुक्कर झुडपात बसते आणि सकाळी बांधावर येणाऱ्या बाईमाणसावर धावून जाते.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारणे तर आहेच, जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणेही आहे. छर्रा चुकला म्हणून गुन्हा टळत नाही. अनुसूची 1 मधला प्राणी असेल, किंवा अभयारण्यात शिकार झाली असेल, तर शिक्षा किमान 3 आणि कमाल 7 वर्षे आहे, दंड किमान 25,000 रुपये. वापरलेली बंदूक आणि गाडीही सरकारजमा होऊ शकते. पक्ष्यांना मारणे हाही गुन्हाच. गलोल ठेवून एअर गन घेतलेल्या पोरांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे. ज्या हरियलावर ती नेम धरतात तो आपला राज्यपक्षी आहे. हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पातला प्राण्यांचा गोतावळा जमला तोच मुळी शिकारीने पोरक्या झालेल्या पिल्लांपासून. तिथले प्राणी पाहायला मुलांना एकदा घेऊन जा.

मग तुमच्यापुढे मार्ग काय?

- नुकसानभरपाई. पीक नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या, फोटो काढून ठेवा. वन, महसूल आणि कृषी विभागाचा संयुक्त पंचनामा होतो. पंचनाम्याआधी शेत साफ करू नका, दावे अडतात ते यानेच.
- सौर कुंपण. ताडोबाच्या बफर गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळते. गावच्या परिस्थितिकीय विकास समितीकडे विचारा. सौर कुंपणाचा झटका हबकवतो, मारत नाही. थेट लाइनवरून तारेत करंट सोडणे मात्र कधीच नको. त्यात वाघ मेले आहेत आणि माणसेही.
- वन विभागाची परवानगी. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी राज्याने 2015 मध्ये परवानगीची पद्धत ठरवली आहे. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करा. लेखी आदेश हातात येईपर्यंत काहीही करू नका, आणि आदेश मिळाला तरी एअर गन हे त्याचे हत्यार नव्हे.

जंगलाच्या जिल्ह्यात बंदूक बाळगताना

परवाना लागत नाही म्हणजे कुठेही नेता येते, असा समज इथे सर्वात महागात पडतो.

- अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. ताडोबा, अंधारी, घोडाझरी, चपराळा, भामरागड, यांपैकी कोणत्याही क्षेत्रात पूर्वपरवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही (वन्यजीव संरक्षण कायदा, कलम 31). गाडीच्या डिकीत असले तरी तेच. मोहर्लीच्या रस्त्याने नातेवाइकांकडे जात असाल तर बंदूक घरी ठेवा.
- दहा किलोमीटरची नोंद. याच कायद्याचे कलम 34 फार थोड्यांना माहीत आहे. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणारा आणि हत्यार बाळगणारा माणूस, मग त्याच्याकडे परवाना असो वा त्याला परवान्यातून सूट असो, त्याने वन विभागाकडे नाव नोंदवावे, असे ते सांगते. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच ठेवा. पुढे आसपास काही घडले, तर हा कागद तुमच्या बाजूने बोलतो.
- जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश. निवडणुका, सण, आंदोलने यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जिल्ह्यात हत्यार घेऊन फिरायला बंदी असते. सरावाला जाण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.
- गडचिरोलीतला प्रवास. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या रस्त्यांवर बंदोबस्तावरच्या जवानाला लांबून तुमची एअर रायफल आणि खरी रायफल यांतला फरक कळणार नाही. मोटरसायकलवर खांद्याला लावून तर कधीच नेऊ नका. बंद पेटीत, रिकामी, छर्रे वेगळ्या पिशवीत, सोबत बिल आणि ओळखपत्र. नाक्यावर थांबवले तर आपणहून सांगा आणि पेटी स्वतः उघडायला जाऊ नका.

पोलिसांनी किंवा वन विभागाने बंदूक ताब्यात घेतली, तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे. पंचनाम्यात क्रमांक, बोअर आणि बंदुकीची अवस्था लिहिली आहे का ते वाचूनच सही करा. ऊर्जेबद्दल वाद असेल, तर तज्ज्ञाकडून मोजणी व्हावी, अशी लेखी मागणी करा.

घरी सराव करताना

छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करायला पहाटेपासून माणसे झुडपांत असतात. म्हणून झुडपाच्या, पाण्याच्या किंवा रस्त्याच्या दिशेने कधी मारू नका. कागदाच्या मागे जाड मातीची भिंत किंवा चिंध्या भरलेली लाकडी पेटी ठेवा. लोखंडी पत्र्यावरून छर्रा उलटतो. डोळ्यांना चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवू नका. पीसीपीची टाकी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात नळीतून आठवड्याला एकदा कोरडे फडके फिरवा. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्र्यामागे तेल टाकू नका, दाबलेल्या गरम हवेत ते पेटते आणि स्प्रिंगचे नुकसान होते.

मुलाला स्पर्धेत उतरवायचे असेल, तर बंदूक विकत घेण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय स्पर्धेचे नियम आणि जवळचा प्रशिक्षक विचारा. सुरुवातीचे काही महिने क्लबच्या रायफलीवर गेले तर उत्तम. मुलाची उंची आणि हाताची लांबी बघून दस्ता किती हवा हे प्रशिक्षक सांगेल, आणि नळीपेक्षा ते मोजमाप जास्त महत्त्वाचे आहे.

नियमाबाहेरची बंदूक घरात असेल तर

जुनी .22 एअर गन, ताकद वाढवलेली बंदूक किंवा आजोबांच्या काळातली भरमार घरात सापडली, तर ती विकू नका, कोणाला देऊ नका, नदीत टाकू नका. शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे, बाळगणे कायदेशीर राहिले नसेल तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. आधी ठाण्यात माहिती द्या, ते सांगतील तसे आणा, आणि जमा केल्याची शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय परतू नका.